पट्ट्यातला ऊस

भाऊबिजेला मी माहेरी गेले तेव्हा रस्त्याकडेचा ऊस डोक्याच्या वर गेला होता. फाट्यावर एसटीतून उतरले आणि क्षणभर वाटलं, कंडक्टरनं भलत्याच ठिकाणी उतरवलं. निरगुडसरच्या अलीकडे आमची वस्ती आहे. डांबरी रस्त्यापासून घरापर्यंत कच्ची वाट जाते, तिच्या एका अंगाला कालव्याची चारी आणि दुसऱ्या अंगाला आमचं वावर. मागच्या दिवाळीला फाट्यावरून घराचं दार दिसत होतं. दारात आई कमरेवर हात ठेवून उभी होती तीसुद्धा दिसली होती. आणि चारीच्या कडेनं सूरज मला घ्यायला येत होता, खांद्यावर त्याची लेक समू. आता नुसता ऊस. वाट त्याच्या कडेनं आत शिरत होती आणि वळणावर दिसेनाशी होत होती.

सूरज आमच्यात धाकटा. थोरला भरतदादा, मधली मी अंजना, आणि शेंडेफळ तो. चैत्रात गेला. सकाळी समूला अंगणवाडीत सोडून आला, मोटार चालू करायला विहिरीवर गेला. स्टार्टरच्या पेटीला करंट उतरला होता. आईला ऐकू कमी येतं, पण लोखंडी बादली पडल्याचा आवाज तिला आला. ती जाऊन पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्या गडबडीत पोरीला आणायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. अंगणवाडीच्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन ती दुपार उलटेपर्यंत बसली होती. मी सासरहून, कळंबहून, पोचले तेव्हा अंगणवाडीच्या बाई तिला घेऊन येत होत्या आणि ती त्यांना विचारत होती, आज पप्पांना उशीर का झाला.

माझ्या या भावाला सगळी वस्ती हसायची. हसण्यासारखंच होतं त्याचं. समू तान्ही असताना कांद्याला पाणी द्यायची पाळी त्याची असली की तो तिला घेऊनच वावरात जायचा. चिंचेला झोळी बांधायची, झोळीला लांब दोर, आणि दोराचं दुसरं टोक आपल्या कमरेला. वाफ्यात पाणी फिरवता फिरवता हा मध्येच कंबर हलवायचा आणि तिकडे झोळी हलायची. येणारे जाणारे म्हणायचे, सूरज, लगीन तुझं झालंय का तुझ्या बायकोचं? तोही हसायचा. पुढं पोरीचे केस वाढले तेव्हा मोबाइलमध्ये बघून वेणी घालायला शिकला. एक वेणी वर, एक खाली, आणि दोन्ही इतक्या घट्ट की पोरीच्या भुवया वर ओढल्या जायच्या. प्राची, त्याची बायको, वेण्या सोडायला लागली की समू रडायची. तिला पप्पाचीच वेणी पाहिजे असायची.

आणि ते खांद्यावरचं. आमच्या भागात बिबट्या काही नवलाचा राहिलेला नाही. उसातच जन्मतो, उसातच वाढतो. वस्तीवरची कुत्री, शेळ्या, वासरं नेतो, आणि कधी माणसाचं लेकरूही. वाकलेलं किंवा बुटकं काही दिसलं की त्याला सावज वाटतं, म्हणून उभ्यानं चालायचं, उंच दिसायचं, आवाज करत जायचं. हे सगळ्यांनाच माहीत होतं, सूरजनं ते मनावर घेतलं. पोरीला खांद्यावर बसवायचा आणि घरापासून अंगणवाडीपर्यंत बैलगाडा शर्यतीतला पुकारणारा ओरडतो तसा ओरडत जायचा. आली आली, कुमारी समृद्धी सूरज हिची बारी आली, बघा बघा, कांड्यावर घोडी लागली, भिर्रर्र. वस्तीवरच्या बायका त्याच्या आवाजावर भाकरी थापायला घ्यायच्या. तो गेल्यावर ती वाट एकदम मुकी झाली.

आता आमच्या घरातली एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं त्या रीतीनं झालं. धाकट्या सुनेनं थोरल्या दिराशी तोंडातोंडी बोलायचं नाही. आईनं ती पाळली, तिच्या सासूनं पाळली. प्राची बारावी शिकलेली. मंचरच्या बाजारात व्यापाऱ्याशी भांडून मेथीची जुडी विकणारी बाई, पण भरतदादा दारात आला की डोक्यावर पदर आणि तोंडाला कुलूप. सूरज होता तोवर अडत नव्हतं. तिघंही एकाच ओट्यावर बसलेले असायचे आणि प्राची सूरजला म्हणायची, खत संपलंय म्हणावं. सूरज दादाकडे तोंड करून म्हणायचा, दादा, खत संपलंय. दादा सूरजला म्हणायचा, उद्या आणतो म्हणावं. मी हसून हसून लोटपोट व्हायचे. सूरज गेला आणि हे काम समूवर आलं. "समू, आप्पांना चहा घ्यायला सांग," प्राची चुलीपाशी म्हणायची. दादा दोन हातांच्या अंतरावर बसलेला. समू उठायची, त्याच्यापुढं जाऊन उभी राहायची आणि म्हणायची, "आप्पा, चहा घ्या." सहा वर्षांची पोर, पण निरोप शब्द न शब्द द्यायची. दिलेला निरोप विसरायची नाही आणि स्वतःचं काही त्यात घालायची नाही.

भरतदादाची बायको मुलाच्या शाळेसाठी मंचरला खोली घेऊन राहते. दादा आधी तिकडं जास्त आणि शेतात कमी असायचा, पिकअप चालवायचा. सूरज गेल्यावर गाडी कमी केली आणि शेत अंगावर घेतलं. माणूस वाईट नाही, हे मी त्याची बहीण म्हणून नाही सांगत. बोलतो कमी, राबतो जास्त, आणि मनातलं विचारायची त्याला लाज वाटते. आषाढात प्राची चार दिवस माहेरी गेली होती. तेवढ्यात त्यानं वाटेच्या कडेचा पट्टा नांगरून ऊस लावून टाकला.

हा पट्टा घरापासून फाट्यापर्यंत वाटेला लागून जातो. सूरजनं त्यात घास लावला होता, जनावरांचा लसूणघास, गुडघ्याएवढा. उसाच्या वावरात असा पट्टा सोडणं दादाला कधी पटलं नव्हतं, पण सूरज म्हणाला होता, गाईंना हिरवं लागतं. सूरज गेल्यावर गाई कोण बघणार म्हणून एक ठेवून बाकीच्या विकल्या. मग घास कुणासाठी? राखी बांधायला गेले तेव्हा दादानं मला मुद्दाम तिकडं नेऊन कोंब दाखवले होते. "ह्या पट्ट्यातला ऊस कारखान्याला समूच्या नावानं घालायचा, अंजे," म्हणाला. "सूरजची पोर हाय. तिचं तिला राहिलं पाहिजे." त्याचे डोळे भरले होते. मला तेव्हा माझ्या भावाचा अभिमान वाटला.

भाऊबिजेला एकाच भावाला ओवाळलं. ताटात सवयीनं दोन सुपाऱ्या ठेवल्या गेल्या, त्यातली एक आईनं मुकाट्यानं उचलून कनवटीला लावली. दुसऱ्या दिवशीच परत जायचा बेत होता, पण कांद्याची लागण निघाली होती आणि बायका मिळत नव्हत्या. नवऱ्याला फोन करून सांगितलं की आठवडाभर राहते.

शाळा उघडली त्या दिवशी सकाळी मी ओट्यावर दात घासत बसले होते. प्राचीनं समूला दप्तर अडकवलं, साडीचा पदर कमरेला खोचला, खाली बसली आणि पोरीला खांद्यावर घेऊन उठली. उठताना एकदा तिचा तोल गेला, तिनं दाराची चौकट धरली. समूच्या हातात एक स्टीलची ताटली आणि चमचा. प्राचीनं पोरीचे दोन्ही पाय छातीशी धरले आणि चालायला लागली. वाटेला लागल्याबरोबर वर समूनं ताटली बडवायला सुरुवात केली. मी तोंडात ब्रश तसाच धरून बघत राहिले. अंगानं किरकोळ बाई ती, सूरजच्या खांद्याला लागायची. पोर आता चांगली लांब झालेली, तिचे बूट प्राचीच्या पोटावर आपटत होते. उसाच्या कडेनं त्या दोघी गेल्या, मग दिसेनाशा झाल्या, आणि बराच वेळ नुसती ताटली ऐकू येत राहिली.

मी आईला ओरडून विचारलं, हे रोजचंच का? आई म्हणाली, पोरीला लाडावून ठेवलीय, बापानं ठेवली तशी आईनं. लोक नावं ठेवतात म्हणून तिनं सुनेला सांगून पाहिलं होतं, पण सून ऐकत नव्हती.

लोक नावं ठेवत होते हे मला त्याच दिवशी कळलं. कांद्याच्या वाफ्यात आम्ही ओळीनं उकिडव्या बसलो होतो. डाव्या हातात रोपाची जुडी, उजव्या हाताच्या बोटांनी चिखलात एकेक रोप दाबत मागं मागं सरकायचं. पाणी गार होतं, बोटांची टोकं पांढरी पडली होती आणि पाठीचा मणका न मणका वेगळा दुखत होता. बायकांनी बांधावर मोबाइल मोठ्यानं लावून ठेवला होता. गाणी ऐकायची म्हणून नाही. पलीकडं ऊस होता, आणि उकिडवं बसलेलं माणूस लांबून जनावरासारखंच दिसतं. दिवाळीत शेजारच्या वस्तीवरचा कुत्रा गेला होता, चारीच्या चिखलात पंजे उमटले होते.

ओळीतली एक म्हणाली, "प्राचे, पोरगी घोडीएवढी झाली. आता तिच्या खांद्यावर तू बस."

सगळ्या हसल्या. दुसरी म्हणाली की नवऱ्याची खोड बायकोला लागली, फक्त ओरडायची राहिलीय. तिसरीनं विचारलं, आज सकाळी मास्तर म्हणे शाळेच्या दारात बघून हसले, खरं का? प्राचीनं मान वर केली नाही. भरतदादा पलीकडं फावड्यानं पाणी फिरवत होता, त्याला सगळं ऐकू जात होतं. "वाटंला काटं हायेत. तिच्या पायात टोचत्यात," प्राची म्हणाली आणि रोप दाबत राहिली. तिनं ते इतक्या जोरात दाबलं की मोडलं.

काटे वाटेला होते कुठे? बूट घातलेल्या पोरीला काटे कसे टोचतात? संध्याकाळी दादा पिकअप घेऊन मंचरला मुक्कामाला गेला तेव्हा मी प्राचीला चुलीपाशी गाठलं आणि सरळ विचारलं. आधी ती भाकरीच उलटत राहिली. मग बोलली, आणि बोलायला लागली तशी थांबेना.

तो घास गाईंसाठी नव्हताच. सूरजनं तो समूसाठी लावला होता. पोर आज ना उद्या मोठी होणार, जन्मभर काही तिला खांद्यावर नेता येणार नाही, आणि उसाच्या कडेनं एकटीला सोडताही येणार नाही. मग वाटेच्या कडेला ऊसच नको. एका बाजूला चारी उघडी, दुसऱ्या बाजूला गुडघाभर घास, म्हणजे बिबट्याला दबा धरायला जागा नाही आणि दारात उभं राहिलं की पोर थेट फाट्यापर्यंत नजरेत. पलीकडं डांबरी रस्ता, तिथून शाळेपर्यंत माणसांची वर्दळ. पोरगी आपल्या पायानं शाळेत जाईल एवढ्यासाठी त्यानं एवढी जमीन उसातून काढली होती. दादाला खरं सांगायची त्याला हिंमत झाली नाही. वस्ती हसते ते हसते, दादाही हसेल, म्हणेल पोरीच्या पायी रान पाडलं. म्हणून गाईंचं नाव.

"आषाढात म्हायेराहून आले आन बघितलं तर उसाच्या सऱ्या पाडून झालेल्या," प्राची म्हणाली. "फाट्यावरच खाली बसले, ताई. दादा लांबनं बघत व्हते. त्यांना वाटलं आसंल, मला ह्यांची आठवण आली."

मी म्हटलं, अगं मग सांगायचं होतं. कुणाकडून सांगू, तिनं विचारलं. आईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, दादा करतोय ते बऱ्यासाठीच करतोय, गप बस. मग उरली समू. घरातले सगळे निरोप तीच नेते. पण हा निरोप तिच्या तोंडून कसा पाठवायचा? उसात बिबट्या बसतो, तो तुला नेईल, म्हणून तुझ्या बापानं इथं ऊस लावला नव्हता, असं सहा वर्षांच्या पोरीला पाठ करून द्यायचं? खांद्यावर नेताना तर प्राची तिला सांगायची की हा पप्पाचा खेळ आहे, आपण तोच खेळतोय.

मी म्हटलं, उद्या दादा आला की मी बोलते. ती नको नको म्हणाली. दादांनी समूच्या भल्यासाठी लावलाय, त्यांना वाटेल मी नणंदेकडं गाऱ्हाणं केलं. तिला तसं म्हणू दिलं आणि मनात ठरवून टाकलं की उद्या दादाला धरायचाच. माझ्या तोंडाला तर कुणी कुलूप घातलेलं नव्हतं.

पण माझ्या बोलण्याची वेळ आलीच नाही. सकाळी डेअरीला घालायचं दूध मी कॅनमध्ये घेतलं आणि त्या दोघींच्या मागून निघाले. पुढं प्राची, तिच्या खांद्यावर समू, समूच्या हातात ताटली. दहिवर पडलेलं होतं, वाट निसरडी झाली होती. प्राची पाय दाबून दाबून टाकत होती. वळणाशी आल्यावर आतून ऊस खसखसला. वारा नव्हता. समूचा चमचा थांबला. पुन्हा खसखसलं, पानं बाजूला झाली, आणि मातकट रंगाचं, वाकलेलं काहीतरी पट्ट्यातून वाटेकडे येताना दिसलं.

प्राची ओरडली नाही. तिनं समूला खांद्यावरून खाली ओढलं, चारीच्या कडेला पाडलं आणि तिच्यावर पालथी पडली. दोन्ही हातांनी पोरीची मान झाकली. माझ्या हातातला कॅन पडला, दूध वाटेवर गेलं. ताटली चारीत खणखणत घरंगळली.

उसातून भरतदादा बाहेर आला. पहाटेच मंचरहून आला होता आणि गाईसाठी उसातलं गवत काढत होता. पाठीवर गवताचा भारा, अंगात खाकी रंगाचा जुना शर्ट, ओझ्यानं कमरेत वाकलेला. समोर भावजय मातीत पडलेली पाहून तो जागच्या जागी थिजला. त्याला कळेना, हिला उचलायला पुढं व्हावं की तोंड फिरवून उभं राहावं.

प्राचीनं मान वळवून पाहिलं. पदर चिखलात गेला होता, केस सुटले होते, कोपर फुटलं होतं. ती उठून उभी राहिली. पदर तिनं डोक्यावर घेतला नाही. सात वर्षांत ज्या माणसाच्या चेहऱ्याकडे तिनं सरळ पाहिलं नव्हतं त्याच्याकडे बघत ती बोलली.

"दादा, हितं ऊस लावायचा न्हवता. ह्यांनी घास गाईसाठी लावला न्हवता. समूला एकटीला शाळंत जाता यावं, म्हणून लावला व्हता. दारातनं ती फाट्यापतोर दिसावी म्हणून. तुमी हसाल म्हणून तुमाला खरं सांगितलं नाय." तिला धाप लागली होती. "मी किती दिस नेऊ तिला? माजं खांदं ऱ्हायलं नाय आता, दादा."

दादानं भारा खाली ठेवला. तो पट्ट्याकडे बघत राहिला, मग वाटेकडे, मग लांब घराकडे, म्हणजे घर जिकडं असायला पाहिजे तिकडं, कारण उसामुळं ते दिसतच नव्हतं. चारीत उतरून त्यानं ताटली काढली, शर्टाला पुसली आणि समूच्या हातात दिली. मग भारा तिथंच टाकून घराकडे चालता झाला.

समूच्या गुडघ्याला खरचटलं होतं, ती रडली नाही. आईचा हात धरून शाळेत गेली. मीही बरोबर गेले.

घरी आईनं तोंडाचा पट्टा सोडला. तिला कुणी काय सांगितलं देव जाणे. उघड्या डोक्यानं, वाटेवर, थोरल्या दिराशी वर तोंड करून. आता वस्तीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. पोरगा गेला आणि घराची रीतही गेली. प्राची कोपर धूत मोरीत बसली होती. जे बोलली होती त्याची तिलाच आता लाज वाटत होती. दिवसभर ती दादाच्या समोर आली नाही, जेवली नाही. मी आईला तिच्या कानाशी जाऊन सांगितलं की पोर बिबट्यानं नेली असती तर तुझी रीत कुणाला शिकवली असती. आई पदर डोळ्याला लावून रडायला लागली. सूरज गेल्यापासून ती अशी रडली नव्हती. मलाही रडू आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला फाट्याच्या बाजूनं कोयत्याचा आवाज यायला लागला. दादा पट्ट्यातला ऊस तोडत होता.

उभं पीक होतं. चार महिन्यांचा, अजून गोडीही न धरलेला ऊस. शेतकऱ्याचा हात अशा पिकावर चालत नाही. दादाचा चालत होता, पण प्रत्येक घावाला त्याच्या जबड्याचं हाड वर येत होतं. एक बेट तोडायचं, बाजूला टाकायचं, मग कुदळ घेऊन खोड मुळासकट उपटायचं, नाहीतर पुन्हा फुटवा येतो. पानांच्या धारेनं त्याच्या हातावर, गळ्यावर लाल रेघा उठल्या. आई तिथवर गेली आणि म्हणाली, लक्ष्मी आहे रे, उभी कापू नको. "आई, तू आत जा," एवढंच तो बोलला. कांदा लावायला आलेल्या बायका बांधावर उभ्या राहून बघत होत्या. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

थोड्या वेळानं प्राची कोयता घेऊन निघाली. दादाच्या जवळ गेली नाही. तिनं घराच्या बाजूनं तोडायला घेतलं. एक त्या टोकाकडून, एक या टोकाकडून. बोलणं नाही, बघणं नाही, नुसते दोन कोयते. मी मोळ्या बांधून गोठ्याकडे टाकत होते. दुपारी भाकरी खायला दोघं थांबली तीही आपापल्या टोकाला. संध्याकाळी मध्ये उसाची एक भिंत उरली, दुसऱ्या दिवशी तीही पातळ होत गेली. पलीकडं एकमेकांचे हात दिसायला लागले, मग चेहरे. शेवटचं बेट दादानं तोडलं. मी फाट्याकडे पाहिलं आणि एसटीची वाट बघत उभी असलेली माणसं दिसली. वळून पाहिलं तर घराचं दार, दारात आई.

दादा बांधावर बसला. त्याच्या तळहातांना फोड आले होते आणि फुटलेही होते. प्राची थोडी लांब, पाठमोरी बसली. समूला मी मघाशीच शाळेतून आणून घरी सोडलं होतं. आजीनं तिच्या हातात चहाची किटली आणि कप देऊन पाठवलं होतं. तोडलेल्या पट्ट्यातून ती खोडकं चुकवत आली, मध्ये उभी राहिली आणि इकडं तिकडं बघून म्हणाली, "आप्पा, हितं परत घास लावायचा ना?"

"व्हय," दादा म्हणाला.

"मंग बिबट्याला लपाया जागा नाय. मंग मी एकटी शाळंत जानार."

दादाची मान झटकन वर झाली. प्राचीही वळली. दादानं विचारलं, "तुला कुनी सांगितलं ह्ये?"

"पप्पांनी. पयलीला गेले का एकटीनं जायाचं, आसं ठरलं व्हतं आमचं. पप्पा दारातनं बघनार व्हते."

प्राचीनं पोरीला दंडाला धरून जवळ ओढलं. ज्या गोष्टीपासून या पोरीला वाचवायचं म्हणून ती आषाढापासून गप्प राहिली होती, ती गोष्ट पोरीला सगळ्यांच्या आधीपासून ठाऊक होती. आई खेळ म्हणते म्हणून ती खांद्यावर बसत होती आणि ताटली बडवत होती. "मंग इतकं दिवस बोलली का न्हाईस गं, बये? आप्पांना का नाय सांगितलं?"

समू आईच्या तोंडाकडं बघत राहिली. तिला प्रश्नच कळला नव्हता.

"मला कुनी सांगाय सांगितलंच नाय," ती म्हणाली.

दादानं दोन्ही हात तोंडावर घेतले. त्याचे खांदे हलायला लागले. मी माझ्या भावाला रडताना पाहिलं ते तेव्हाच, सूरजला नेलं त्या दिवशीसुद्धा तो रडला नव्हता. समू गोंधळली. हातातली किटली तिला जड झाली होती. तिनं ती आईपुढं धरली आणि सवयीनं वाट बघत उभी राहिली की आता आई निरोप देईल आणि तो आप्पांना सांगायचा.

प्राचीनं तिच्या हातातून किटली घेतली. कपात चहा ओतला, उठली, खोडकांवरून चालत दादाच्या पुढं गेली आणि कप त्याच्यासमोर धरला.

"दादा, चहा घ्या," ती म्हणाली. "निवतोय."